वेटसूट घेण्याआधी थर्मामीटर

मार्चमधल्या मिड-टर्म सुटीत मी कुमाऊँमधल्या एका तळ्यात पोहायला उतरलो आणि शंभर मीटरही न जाता हात वर करून सेफ्टी कयाकवाल्याला बोलावले. मी हाउसच्या पोहण्याच्या टीममध्ये आहे. शाळेच्या तलावात दीड हजार मीटर न थांबता पोहतो. तरीही त्या दिवशी घसा कुणीतरी आवळतोय असे वाटले, दंड शिशाचे झाले आणि श्वास आत जाईना. दमलो म्हणून हे झाले नाही. अंगात चुकीचा सूट होता म्हणून झाले.

माझ्याबरोबर मामा होता. तो पुण्यात नोकरी करतो. गोव्याची अर्धी आयर्नमॅन त्याने पूर्ण केली आहे आणि येत्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या पूर्ण आयर्नमॅनसाठी त्याने नाव दिले आहे. तिथे आल्स्टर तळ्यात पोहायचे असते. पुण्यात गार पाणी मिळत नाही, म्हणून तो सरावाला उत्तरेत आला होता. येताना त्याने दोन वेटसूट आणले. एक स्वतःसाठी ऑनलाइन मागवलेला नवा आणि दुसरा मित्राकडून मागून आणलेला स्कूबाचा, तो माझ्यासाठी. माझा सूट जाड आणि घट्ट निघाला, मामाचा सैल. मी श्वासासाठी तडफडत होतो, तेव्हा मामाच्या पाठीत गार पाणी भरत होते. दोघेही दहा मिनिटांत काठावर आलो.

परत आल्यावर आमच्या पोहण्याच्या उस्तादांना सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "सूट किसने चुना? आपने, या दुकानदार ने?" त्यानंतर काही रविवार मी याच विषयावर वाचत होतो आणि मामाशी फोनवर बोलत होतो. जे कळले ते इथे लिहितो. आपल्यातले काही जण पुढे ट्रायथलॉन करतील, काहींचे वडील आत्ताच करतात, त्यांना उपयोग होईल.

सूट आला कुठून

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहणे, मग सायकल, मग धावणे. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकपासून हा ऑलिम्पिक खेळ आहे. पहिली आयर्नमॅन शर्यत १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाईत झाली. ती सुरू करणारे जॉन कॉलिन्स अमेरिकन नौदलात अधिकारी होते. त्या दिवशी १५ जण सुरुवातीला उभे होते, १२ जणांनी शर्यत पूर्ण केली. अंतरे आजही तीच आहेत: ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे.

वेटसूटचा जन्मही नौदलाच्या गरजेतूनच झाला. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांसाठी त्यावर काम केले. तोपर्यंत सगळ्यांची खटपट अंग कोरडे ठेवण्याची होती. ब्रॅडनर यांनी प्रश्नच बदलला. अंग ओले झाले तरी चालेल, ऊब बाहेर जाता कामा नये, असे त्यांनी धरले. त्यासाठी वापरले गेले निओप्रीन. हे कृत्रिम रबर ड्यूपॉन्ट कंपनीने १९३० च्या दशकात बाजारात आणले होते. त्याचा फेस करून पत्रा बनवला की आत लाखो बारीक बंद बुडबुडे राहतात. ऊब राखतात ते हे बुडबुडे. सूटच्या आत शिरलेले पाणी ऊब देते असे मलाही आधी वाटत होते, पण त्या पाण्याचे काम एवढेच की ते पातळ थर होऊन जागच्या जागी थांबले पाहिजे. ते सारखे आत-बाहेर करू लागले की शरीर पुन्हा पुन्हा नवे गार पाणी तापवत बसते. मामाच्या सैल सूटमध्ये नेमके हेच झाले.

खास ट्रायथलॉनसाठी शिवलेला सूट बराच उशिरा, १९८७ मध्ये आला. तो अमेरिकेत डॅन एम्पफील्ड यांनी तयार केला. त्याआधी ट्रायथलॉनवाले सर्फिंगचे किंवा डायव्हिंगचे सूट घालून पोहायचे, म्हणजे मी केलेली चूकच करायचे.

सूट तीन कामे करतो

पहिले काम ऊब राखण्याचे. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. दिल्लीत २० अंशांच्या हवेत आपण अर्ध्या बाहीच्या शर्टात फिरतो, पण २० अंशांच्या पाण्यात अर्धा तास थांबलो तर दात वाजतात.

दुसरे काम तरंगवण्याचे. आमच्या गावी सातारा जिल्ह्यात आजोबांनी मला विहिरीत पोहायला शिकवले, तेव्हा पाठीला पत्र्याचा बंद डबा बांधला होता. त्यांच्या लहानपणी वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधायचे. तत्त्व एकच, आत कोंडलेली हवा. वेटसूट म्हणजे अंगभर बांधलेली सांगडच. नववीत शिकलेल्या आर्किमिडीजच्या तत्त्वाने हिशोब करून पाहा. डोके, हात आणि पावले सोडून माझ्या अंगाचे क्षेत्रफळ सुमारे १.३ चौरस मीटर धरले आणि सूटची सरासरी जाडी ३ मिलिमीटर धरली, तर सूटचे घनफळ जवळजवळ ४ लिटर होते. तो ४ लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे ४ किलो वजनाएवढा जोर वरच्या दिशेला मिळतो. त्यातून सूटचे स्वतःचे वजन वजा केले की जे उरते ती आपली कमाई. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते, म्हणून तिथे आणखी थोडी मदत मिळते.

तिसरे काम घसरण्याचे. कंबर आणि पाय वर आले की अंग पाण्याला आडवे होते आणि पाण्याचा विरोध कमी होतो. शिवाय ट्रायथलॉनच्या सूटची बाहेरची बाजू गुळगुळीत असते. ज्यांचे पाय पोहताना बुडतात त्यांना याचा सर्वांत जास्त फायदा होतो. ज्यांचे अंग आधीच आडवे राहते त्यांना तेवढा होत नाही.

पहिला प्रश्न पाण्याचा

दुकानात विचारतात, "बजेट किती?" पण पहिला प्रश्न वेगळा आहे: तुम्ही ज्या पाण्यात पोहणार त्याचे तापमान किती?

कारण वेटसूट घालायचा की नाही हे शर्यतीचे नियम ठरवतात. वर्ल्ड ट्रायथलॉनच्या नियमांप्रमाणे १५०० मीटरपर्यंतच्या पोहण्यात पाणी २० अंश किंवा त्याहून गरम असेल तर एलिट खेळाडूंना वेटसूटची बंदी असते. हौशी लोकांच्या म्हणजे वयोगटाच्या शर्यतीत ही रेषा २२ अंशांवर आहे. आयर्नमॅनच्या शर्यतींत वयोगटाच्या स्पर्धकांना २४.५ अंशांपर्यंत वेटसूट चालतो. पाणी १६ अंशांच्या खाली गेले तर वयोगटात तो सक्तीचा होतो. जाडीलाही मर्यादा आहे: कुठेही ५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. नियम बदलत असतात, म्हणून नाव देताना त्या वर्षीचे नियमपत्रक वाचायचेच.

आता आपले पाणी बघू. भारतातली पहिली आयर्नमॅन ७०.३ शर्यत २० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर झाली. १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे. पावसाळ्यानंतर तिथला समुद्र २८-२९ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे तिथे वेटसूट बॅगेतच राहणार. मामाने गोव्याची शर्यत साध्या ट्रायसूटवर केली होती. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरमध्ये सागरी जलतरण स्पर्धा होते. तिथे लहान मुलांपासून ज्येष्ठांपर्यंत सगळे साध्या पोहण्याच्या कपड्यांवर उतरतात. कोकणच्या समुद्राला वेटसूटची गरजच नाही.

नियमात बसत असला तरी गरम पाण्यात वेटसूट धोक्याचा असतो. पोहताना शरीर उष्णता तयार करते, ती बाहेर जायला वाट हवी. ती कोंडली तर चक्कर येते, उलटी होते, माणूस पाण्यातच कोसळू शकतो. मे महिन्यात दिल्लीच्या उघड्या तलावात सूट घालून "सराव" करायची कल्पना कुणाच्या डोक्यात असेल तर ती तिथेच सोडून द्यावी.

मग भारतातल्या माणसाला सूट लागतो कधी? हिमालयातल्या तळ्यांत आणि परदेशात. हॅम्बुर्ग, कझाकस्तान, स्वित्झर्लंड अशा ठिकाणच्या शर्यतींना पुण्या-मुंबईचे, नाशिक-कोल्हापूरचे लोक जातात. तिथल्या नद्या-तळी उन्हाळ्यातही आपल्या मानाने गार असतात. आम्ही उतरलो त्या तळ्यात मामाच्या थर्मामीटरने १५ अंश दाखवले होते. तिथे सूट हवाच होता, फक्त बरोबर सूट हवा होता.

म्हणून पहिली खरेदी थर्मामीटरची. तो अगदी स्वस्तात मिळतो. दोरी बांधून हातभर खोल सोडायचा, दोन मिनिटांनी बघायचा. पृष्ठभागावरचे पाणी उन्हाने फसवते.

स्कूबाचा सूट का चालला नाही

माझा सूट वाईट नव्हता, तो दुसऱ्या कामाचा होता. पाणबुड्या खाली जातो तसा दाब वाढतो. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, म्हणजे निओप्रीनमधल्या बुडबुड्यांचे आकारमान जवळजवळ निम्मे होते. सूट चेपला जातो आणि ऊब कमी होते. म्हणून डायव्हिंगचे सूट मुळातच जाड करतात. खडकावर घासून फाटू नयेत म्हणून त्यांना नायलॉनचे कापड चिकटवलेले असते. पाणबुड्या पायातल्या फिन्सच्या जोरावर पुढे जातो, हात फारसे मारत नाही. त्यामुळे खांद्याला जाड रबर असले तरी त्याचे काही अडत नाही.

ट्रायथलॉनमध्ये उलटे असते. आपण पृष्ठभागावरच राहतो आणि सगळे काम खांद्यांचे. १५०० मीटरमध्ये मी सातशे-आठशे वेळा हात मारतो. प्रत्येक वेळी जाड रबर ताणायचे म्हणजे प्रत्येक हाताला एक रबरबँड बांधून पोहण्यासारखे आहे. म्हणून ट्रायथलॉनच्या सूटमध्ये छाती, पोट आणि मांड्यांवर ४-५ मिलिमीटर जाडी ठेवतात, तर खांदे आणि बाह्यांवर दीड-दोन मिलिमीटरच. लेबलवर एकच आकडा लिहिलेला असेल तर विचारायचे, "खांद्याला किती?"

सर्फिंगचा सूट या दोहोंच्या मध्ये येतो. तो फळीवर घासून फाटू नये म्हणून मजबूत असतो, पण सलग अर्धा तास फ्रीस्टाइल मारण्यासाठी शिवलेला नसतो. त्यातही बाहेरून कापड असते आणि ते पाणी धरते.

बाह्या असाव्यात की नसाव्यात

पूर्ण बाह्यांचा सूट जास्त उबदार असतो आणि जास्त तरंगवतो. बिनबाह्यांचा सूट खांदे मोकळे ठेवतो, घालायला-काढायला सोपा असतो आणि स्वस्त पडतो. पण त्यात काखेतून पाणी शिरते. पाणी १५-१८ अंश असेल तर बाह्या हव्यात. २०-२२ अंशांच्या पाण्यात, किंवा बाह्यांमुळे ज्यांना कोंडल्यासारखे होते त्यांना, बिनबाह्यांचा चांगला. मामाला हॅम्बुर्गसाठी पूर्ण बाह्यांचाच ठेवायचा आहे.

पोहण्याच्या पद्धतीचाही विचार करायचा. पाय बुडत असतील तर कमरेला आणि मांडीला जास्त जाडी असलेला सूट घ्यावा. पाय आधीच वर राहत असतील तर असा सूट पाय पाण्याबाहेर काढतो आणि किक हवेत जाते. अशांनी पातळ, लवचिक सूट बघावा.

माप: सगळे इथेच ठरते

आपल्याला इश्यू झालेला बूट अर्धा नंबर मोठा निघाला तर जाड मोजा घालून भागते. वेटसूटचे तसे नाही. सैल सूट पाण्याची पिशवी होतो आणि फार घट्ट सूट श्वास अडवतो. "थोडा मोठाच घेऊ, वाढत्या अंगाचा आहे" हे शाळेच्या गणवेशाला ठीक आहे, इथे नाही.

मामाने उंची पाहून सूट मागवला होता. वजन आणि छातीचे माप पाहिलेच नाही. तो उंच आणि सडपातळ आहे, त्यामुळे सूट लांबीला बसला आणि पाठीत पिशवीसारखा राहिला. कंपन्यांच्या तक्त्यात उंची, वजन आणि छाती अशी तिन्ही मापे असतात. तिन्ही लिहून काढायची आणि तक्ता त्याच कंपनीचा बघायचा. एकीचा मीडियम दुसरीचा स्मॉल असू शकतो.

सूट अंगात घालून जमिनीवर या गोष्टी तपासाव्यात:

१. मान. कॉलर त्वचेला सगळीकडून टेकलेली हवी, पण गिळताना घसा दाबला जाता कामा नये. जमिनीवर जी कॉलर किंचित टोचते, ती पाण्यात, धाप लागल्यावर, दुप्पट टोचते.

२. छाती. पूर्ण श्वास भरून घ्यावा, दहा वेळा. थोडा दाब जाणवेल, तो चालतो. श्वास अर्ध्यावर थांबत असेल तर तो सूट परत द्यावा.

३. खांदे. दोन्ही हात सरळ वर करावेत, मग फ्रीस्टाइलसारखे फिरवावेत. काखेत चुण्या पडल्या किंवा पोकळी राहिली तर सूट नीट वर ओढलेला नाही किंवा मोठा आहे. हात वर करताना सूट खाली खेचत असेल तर तो धडाला आखूड आहे.

४. कंबरेच्या मागचा खळगा. इथे हात फिरवून पाहावा. रबर त्वचेला चिकटलेले हवे. पाणी सर्वांत आधी इथेच साठते.

५. जांघ. सूट पायांच्या फाट्यापर्यंत पूर्ण वर आलेला हवा. तिथे दोन बोटांची जागा राहिली की तेवढीच ओढ खांद्यावर येते. ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो.

जमिनीवर कोरडा सूट पाण्यातल्यापेक्षा घट्ट वाटतो, कारण ओला झाल्यावर निओप्रीन थोडे सैलावते. म्हणून "आरामदायी वाटला" एवढ्यावर निवडू नये. घट्ट असावा, पण श्वास आणि खांदे मोकळे असावेत.

घालणे, उतरणे, काढणे

घाईने घातलेला चांगला सूटही चुकीचा बसतो. आधी नखे कापावीत, कारण गुळगुळीत निओप्रीन नखाने फाटते. पायात प्लॅस्टिकची पिशवी किंवा मोजा घालून पाय सरकवावेत. आधी घोटा, मग गुडघा, मग मांडी, असे थोडे थोडे वर घ्यावे. जांघेपर्यंत पूर्ण आल्याशिवाय बाह्यांना हात लावू नये. चिमटीत धरून ओढू नये, बोटांच्या पेरांनी सरकवावे. मानेला वंगण लावावे, नाहीतर मीठ आणि घर्षण यांनी कातडी सोलते. बहुतेक कंपन्या पेट्रोलियम जेली टाळायला सांगतात, यासाठी वेगळे वंगण मिळते. मागची झिप मित्राने लावावी आणि तिची लांब दोरी कुठे आहे हे हाताने एकदा तपासून घ्यावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गार पाण्यात अचानक शिरले की शरीर आपोआप मोठा श्वास ओढते आणि काही काळ श्वास ताब्यात राहत नाही. याला कोल्ड शॉक म्हणतात. तो कितीही चांगल्या पोहणाऱ्याला होतो आणि पहिल्या एक-दोन मिनिटांत सर्वांत जास्त असतो. त्याच वेळी छातीवर घट्ट सूट आणि गळ्याशी कॉलर असेल तर मेंदू म्हणतो, मी मरतोय. मी तळ्यात उडी मारली आणि लगेच जोरात हात मारायला लागलो. तिथेच चुकलो. आधी कमरेपर्यंत उभे राहायचे, तोंडावर पाणी मारायचे, कॉलर ओढून थोडे पाणी मुद्दाम आत घ्यायचे, मग चेहरा पाण्यात घालून हळूहळू बुडबुडे सोडायचे. श्वास सोडता येऊ लागला की पोहायचे. उस्ताद एका वाक्यात सांगतात: "पहले साँस, फिर स्ट्रोक."

आणि तरीही घाबरल्यासारखे झाले तर उताणे व्हायचे. सूट तुम्हाला तरंगवतो, तो अशा वेळी खरोखर सांगड असतो. एक हात वर करायचा आणि थांबायचे. मला हात वर करायला लाज वाटली होती, म्हणून मी आणखी वीस-पंचवीस हात मारले. ती लाज मला महागात पडली असती. वेटसूट म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे, बेशुद्ध माणसाचे तोंड तो पाण्याबाहेर धरत नाही. म्हणून गार पाण्यात कधीही एकटे उतरू नये.

काढण्याचाही सराव लागतो. पाण्यातून बाहेर येताच दोरी ओढून झिप उघडायची, सायकलकडे धावता धावता सूट कमरेपर्यंत खाली घ्यायचा, मग एका पायाने दुसऱ्या पायावरचा सूट दाबून पाय ओढून काढायचा. ओला सूट पटकन निघतो, वाळायला लागला की चिकटतो.

पैसे आणि पालक

चांगले सूट महाग आहेत. परदेशात अगदी सुरुवातीचा सूटही दीडशे-दोनशे डॉलरच्या आसपास असतो. इथे आणायचा तर आयात शुल्क आणि टपाल वेगळे. म्हणून पालकांसाठी तीन गोष्टी लिहितो.

आपल्या वयाच्या मुलांसाठी सूट विकत घेऊ नये. मी गेल्या वर्षात सात सेंटिमीटर वाढलो. आज मापाचा सूट घेतला तर पुढच्या मार्चमध्ये तो माझ्या धाकट्या भावाचा होईल. एखाद-दुसऱ्या शर्यतीसाठी भाड्याने घ्यावा, परदेशात मोठ्या शर्यतींच्या ठिकाणी तशी सोय असते. पण भाड्याचा सूटही शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नये.

ऑनलाइन घ्यायचा असेल तर बदलून मिळण्याची अट आधी वाचावी. मामाने लेबल काढून टाकले होते आणि सूट तळ्यात भिजवला होता. तो परत घेतला गेला नाही. शेवटी त्याने तो एका धिप्पाड मित्राला कमी किमतीत विकला.

घेतलाच तर सांभाळावा. वापरल्यावर गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवावा, सावलीत आतली बाजू वर करून वाळवावा. वॉशिंग मशीन नको, ऊन नको, इस्त्री तर नकोच. बारीक तारेच्या हँगरला टांगू नये, खांद्याला वळ पडतो.

सूट घालणे म्हणजे कमीपणा?

डॉर्ममध्ये हा विषय निघाला तेव्हा एक जण म्हणाला, "सूट घालून पोहणे म्हणजे चीटिंग." दोन्ही बाजू बघू. इंग्लिश खाडी पोहण्याच्या जुन्या नियमांत वेटसूट चालत नाही. साधा पोशाख, एक टोपी, एक गॉगल एवढेच. १९५८ मध्ये मिहिर सेन तसेच पोहले आणि ती खाडी पोहणारे पहिले भारतीय ठरले. पुण्याचे रोहन मोरे यांनी २०१८ मध्ये जगातल्या सात अवघड खाड्या-सामुद्रधुन्यांची 'ओशन्स सेव्हन' मालिका पूर्ण केली. ते पूर्ण करणारे ते पहिले आशियाई. या लोकांनी शरीराला गार पाण्याची हळूहळू, वर्षानुवर्षे सवय लावली. त्यांचा खेळ तो आहे.

ट्रायथलॉनचा खेळ वेगळा आहे. पोहून झाल्यावर सायकल आणि धावणे बाकी असते. अंग काकडलेले असेल तर बोटांनी ब्रेकही दाबता येत नाही. म्हणून नियमच सांगतात, इतक्या अंशांखाली घाला, इतक्या अंशांवर घालू नका. सियाचीनवरच्या जवानाने स्नो बूट घातले म्हणून कुणी त्याला कमी म्हणत नाही, आणि तेच बूट घालून कुणी जैसलमेरला जात नाही.

मागच्या महिन्यात मामाने दुसरा सूट घेतला. या वेळी आधी हॅम्बुर्गच्या शर्यतीचे नियम वाचले, मग तिन्ही मापे टेपने घेतली, मग सूट घरात घालून अर्धा तास हात फिरवले, मामीने झिप लावली, आणि लेबल तसेच ठेवले. किंमत त्याने सर्वांत शेवटी बघितली. फोनवर मला म्हणाला, "कॉलर ठीक आहे. गिळता येतंय."

मीही पुन्हा गार पाण्यात उतरणार आहे, पण आधी तलावात श्वासाचा सराव, मग उस्तादांची परवानगी, मग तळे. आईची अट एकच आहे: पाण्याचे तापमान मोजून तिला आधी कळवायचे. थर्मामीटर माझ्या ट्रंकमध्ये वरच ठेवला आहे.

जय हिंद.